आरएक्स असो नाहीतर येझदी, कार्बोरेटरला हात लावायच्या आधी मुठीला टेप लावा

कोल्हापुरात टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइल जाळणाऱ्या जुन्या मोटारसायकली, जपणारी माणसं अजून लई आहेत. आरएक्स हंड्रेड १९९६ ला बंद झाली तरी संध्याकाळी रंकाळ्यावर उभं राहिलं की एखादी तरी कानावर पडतेच, येझदी आहेत, शोगन आहेत, सामुराय आहेत, कुणाच्या शेडमध्ये राजदूत झाकून ठेवलेली असती. आणि ह्या सगळ्यांच्या मालकांचं दुखणं एकच, गाडी सेट होत नाही. सुरू होती पण पिकअप नाही, पिकअप आहे तर सिग्नलला बंद पडती, दोन्ही जमलं तर फुल्ल मुठीला, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण पिळल्यावर, गुदमरती. मग स्क्रूड्रायव्हर घेतात आणि कार्बोरेटरवर जो स्क्रू दिसेल तो फिरवत बसतात, आज थोडा आत उद्या थोडा बाहेर, आणि चार दिवसांनी मूळ सेटिंग काय होतं तेच कुणाला आठवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्क्रू फिरवायच्या आधी गाडी मुठीच्या कितव्या भागाला अडती ते शोधा. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, हे एकच यंत्र नाही, आत तीन-चार वेगवेगळे रस्ते आहेत पेट्रोलचे आणि प्रत्येक रस्ता मुठीच्या ठरावीक भागात काम करतो. बंद मुठीपासून पाव मुठीपर्यंत स्लो जेट (जेट म्हणजे मोजून पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड) आणि एअर स्क्रू, त्याच्यातच थोडं पुढं मागं स्लाइडचा, म्हणजे मुठीबरोबर वरखाली होणाऱ्या दट्ट्याचा, कापलेला भाग म्हणजे कटअवे, पाव ते पाऊण निडल, म्हणजे स्लाइडला लटकणारी सुई, आणि तिची क्लिप, आणि पाऊणच्या पुढं मेन जेट. हे एकमेकांत थोडे मिसळतात, तरी पण अर्ध्या मुठीला झटके बसत असतील तर एअर स्क्रू फिरवून काही होणार नाही आणि मूठ सोडल्यावर आयडलला गाडी टिकत नसेल तर मेन जेट बदलून पैसे वाया जाणार.

आता ही मूठ मोजायची कशी, तर पांढरी टेप घ्या. मूठ बंद असताना रबर ग्रिपवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर एका सरळ रेषेत खूण करा. मग मूठ फुल्ल पिळा आणि ग्रिपवरची खूण जिथं आली तिथं डबीवर दुसरी खूण. मधल्या जागेचे चार भाग करून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा घाला, झालं. आता गाडी चालवताना नुसतं खाली बघितलं की कळतं कुठं आहोत. बऱ्याच जणांना हे केल्यावर पहिल्यांदा कळतं की गावात आपण पाव मुठीच्या पुढं जातच नाही, आणि आपण ज्याला फुल्ल म्हणत होतो ती पाऊणच होती कारण केबल ढिली होती. केबलची ढील आधी काढा, दोन-तीन मिमी फ्री प्ले ठेवा, हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून आयडल वाढत नाही ना ते बघा.

कार्बोरेटरच्या आधी काय काय बघायचं

हा भाग लोक उडवतात आणि मग कार्बोरेटरला शिव्या घालतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद डबी, हाच पंप असतो, तिथं कुठूनही चोरून हवा आत शिरली की मिक्श्चर लीन होतं (लीन म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, रिच म्हणजे जास्त) आणि तुम्ही कितीही जेट बदला ते सेट होणार नाही. पहिली संशयाची जागा कार्बोरेटर आणि ब्लॉकच्या मधलं रबर, तीस वर्षांचं रबर भेगाळलेलं असतंच, हाताने वाकवून आतल्या बाजूला बघा. गाडी आयडलला ठेवून त्या जोडावर थोडं साबणाचं पाणी सोडा, आवाज बदलला की तिथून हवा जातीय असं समजा. दुसरी जागा क्रँकचे ऑइल सील. मॅग्नेटोच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चक्राच्या, बाजूचं सील गेलं की कोरडी हवा आत ओढली जाती, गाडी आयडलला स्वतःहून रेस घेती, मूठ सोडली तरी आवाज लवकर खाली येत नाही. क्लचच्या बाजूचं सील गेलं की उलटं, गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, सायलेन्सरातून धुराचा लोट आणि गिअर ऑइल आपोआप कमी. धूर बघून लोक म्हणतात रिच झालीय आणि जेट लहान करतात, सील तसंच राहतं आणि पुढं पिस्टन धरतो, म्हणजे गरम होऊन सिलिंडरमध्ये जाम होतो.

मग एअर फिल्टर. फोमचा असेल तर रॉकेल नाहीतर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवून, हलकं ऑइल लावून, पिळून बसवा. फिल्टर काढून टाकून गाडी पळवायची फॅशन आहे, मला ती अजिबात पटत नाही, ऊस वाहतुकीच्या दिवसात आपल्या रस्त्यांवर जी धूळ असती ती सरळ सिलिंडरमध्ये जाती आणि फिल्टर नसल्याने मिक्श्चरही लीन होतं. सायलेन्सरच्या आतली जाळी, बॅफल, कार्बनने बुजली असेल तर ती साफ करा कारण टू-स्ट्रोकला सायलेन्सर हा इंजिनचाच भाग आहे, तो बुजला की गाडी रिचसारखी वागती. येझदी, राजदूतसारख्या प्वाइंटच्या (ठिणगी पाडणाऱ्या उघडझाप संपर्काच्या) गाड्या असतील तर प्वाइंटचा गॅप आणि टायमिंग आधी, कार्बोरेटर नंतर. प्लग नवा घ्या, कंपनीने सांगितलेल्या हीट रेंजचाच. आणि टाकीचं झाकण बघा, झाकणाला हवा घ्यायचं बारीक भोक असतं, ते बुजलं की थोडं अंतर नीट जाऊन मग फुल्ल मुठीला गाडी मरती आणि झाकण उघडून बंद केलं की परत नीट पळती. ह्याला कार्बोरेटरचा दोष समजून जेट बदललेली माणसं मी बघितलीत.

ऑइलबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. पेट्रोलमध्ये मिसळून ऑइल घालायची गाडी असेल आणि तुम्ही काळजीपोटी ऑइल जास्त घातलं तर जेटच्या त्याच भोकातून ऑइल जास्त आणि पेट्रोल कमी जातं, म्हणजे हवेच्या हिशोबानं मिक्श्चर लीन होतं. ऑइल वाढवलं म्हणजे इंजिन सुरक्षित असा सरळ हिशोब नाही. प्रमाण एक ठरवा, लिटरला अमुक मिली, मापाने मोजून घाला, आणि त्याच प्रमाणावर कार्बोरेटर सेट करा. नंतर प्रमाण बदललं तर सेटिंग परत बघायचं. ऑइल पंपाची गाडी असेल तर पंपाच्या केबलची खूण जुळलीय ना आणि नळीत हवेचे बुडबुडे नाहीत ना एवढं बघा.

उघडून साफ करणं

मिकुनीचा स्लाइडवाला कार्बोरेटर उघडायला अवघड काहीच नाही. उघडायच्या आधी एअर स्क्रू हळू आत फिरवत किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून लिहून ठेवा, निडलची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे तेही लिहा, जेटवरचे नंबर लिहा. पेट्रोल कॉक बंद, खालची वाटी काढा, वाटीत तळाला पांढरी पूड नाहीतर पाण्याचे थेंब दिसले तर ते आजकाल नेहमीचंच आहे, त्याचं कारण पुढं सांगतो. स्लो जेट बारीक असतो, त्याच्यात तार, सुई असलं काही घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोकाचा आकार बिघडला की नंबरला अर्थ राहत नाही. कार्बोरेटर क्लीनर मारा आणि कॉम्प्रेसरची हवा मारा, उजेडाकडे धरून आरपार गोल दिसतंय का बघा. बॉडीतल्या सगळ्या वाटांनाही हवा मारा, नुसते जेट साफ करून उपयोग नाही. क्लीनर मारताना डोळ्याला चष्मा लावा, आणि जवळ गरम इंजिन, विडी-सिगरेट काही नको.

जेट मोठा पाहिजे म्हणून ड्रिल मारू नका. आपल्या उद्यमनगरात लेथवर काय पाहिजे ते करून मिळतं, कारागीर एक नंबर आहेत, पण जेटमधून पेट्रोल किती जाईल हे नुसत्या भोकावर नाही तर भोकाच्या तोंडाच्या उतारावर आणि आतल्या गुळगुळीतपणावरही असतं, ड्रिलनं ते सगळं जातं. बाजारातले स्वस्त जेटही जपून घ्या, नंबर एक आणि माल दुसरा असं होतं. एकाच मेकचे तीन-चार जेट एकदम घेऊन ठेवा म्हणजे निदान आपापसात तुलना खरी राहील.

फ्लोटची, म्हणजे वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणाऱ्या भागाची, उंची तपासा, प्रत्येक कार्बोरेटरचं माप वेगळं असतं ते सर्व्हिस मॅन्युअलमधलंच घ्या. कार्बोरेटर तिरका धरा म्हणजे फ्लोटची पत्ती निडल व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवाल्या टोकाला नुसती टेकेल, ते टोक दाबलं जाता कामा नये, आणि तेव्हा मोजा. वाटीत पेट्रोलची पातळी चुकली तर सगळेच रस्ते एकदम रिच किंवा एकदम लीन होतात. म्हणून तक्रार मुठीच्या एकाच भागात नसून सगळीकडे सारखी असेल तर संशय पहिला फ्लोटवर घ्या.

आणि जुन्या कार्बोरेटरात झीज असती. निडल आणि ती ज्या नळीतून खालीवर होती ती निडल जेट, दोन्ही घासून घासून सैल होतात, मग अर्ध्या मुठीला गाडी कायम रिच राहती आणि क्लिप कुठंही लावा फरक पडत नाही. स्लाइड बॉडीत खडखड हलत असेल तर तिथून हवा जाती. अशा कार्बोरेटरवर तास घालवण्यापेक्षा निडल आणि निडल जेटची जोडी बदला, स्लाइड आणि बॉडीच झिजली असेल तर नवीन कार्बोरेटर बघा.

सेटिंगची सुरुवात, मेन जेट मुद्दाम मोठा

कुठून सुरू करायचं ह्याच्यावर मिस्त्री लोकांची मतं वेगवेगळी आहेत, कुणी म्हणतं वरून खाली या, कुणी म्हणतं खालून वर जा. मी सांगतो ती पद्धत अशी, मेन जेट आधी कंपनीच्या नंबरपेक्षा एक-दोन साइज मोठा टाकून ठेवायचा. फुल्ल मुठीला गाडी थोडी भरभर करेल, म्हणजे अडखळत बोलेल, करू दे. त्याचा फायदा असा की बाकीचं सेटिंग चालू असताना चुकून मूठ जास्त पिळली गेली तरी पिस्टन धरायची भीती राहत नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑइल जातं आणि पेट्रोलच पिस्टनला थंड ठेवतं, म्हणून पेट्रोल कमी पडलं की गरमी वाढती आणि ऑइलही कमी पडतं, दोन्ही बाजूनं मार. रिच गाडी प्लग काळा करती, लीन गाडी पिस्टन खाती. ह्यातलं काय परवडतं ते बघा.

आता आयडल. गाडी पाच-दहा मिनिटं फिरवून पूर्ण गरम करा, थंड इंजिनवर केलेलं सेटिंग खोटं असतं. कार्बोरेटरला बाहेरून दोन स्क्रू दिसतात, एक स्लाइडला खालून टेकून तिला उचलून धरतो तो आयडल स्क्रू, दुसरा एअर फिल्टरच्या बाजूला असतो तो एअर स्क्रू. एअर स्क्रू हवा सोडतो, म्हणून तो आत फिरवला की हवा कमी, मिक्श्चर रिच, बाहेर काढला की लीन. फोर-स्ट्रोकच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनच्या बाजूला पेट्रोलचा स्क्रू असतो आणि तिथं नेमकं उलटं असतं, म्हणून फोर-स्ट्रोकवर हात बसलेला माणूस इथं गोंधळतो.

एअर स्क्रू हळू आत न्या, टेकला की थांबा, जोर लावला तर टोक आणि बॉडीतली सीट दोन्ही खराब. तिथून दीड फेरी बाहेर काढा. आयडल स्क्रूनं आवाज नेहमीपेक्षा वाईच वर ठेवा. आता एअर स्क्रू पाव-पाव फेरीनं एका बाजूला न्या, प्रत्येक वेळी इंजिनला दहा सेकंद द्या, टू-स्ट्रोक लगेच उत्तर देत नाही. एका जागी आवाज सगळ्यात वर आणि सगळ्यात स्वच्छ येईल, त्याच्या दोन्ही बाजूला तो पडेल. ती जागा सापडली की आयडल स्क्रूनं आवाज खाली आणा, आणि परत एकदा एअर स्क्रूची जागा तपासा. मग तिथून थोडासा, पाव फेरीच्याही आत, आतल्या बाजूला ठेवून द्या.

ही जागा किती फेऱ्यांवर आली त्यावरून स्लो जेटचा हिशोब कळतो. एक ते दोन फेऱ्यांच्या मध्ये आली तर जेट बरोबर. स्क्रू जवळजवळ पूर्ण आत नेल्यावरच गाडी नीट चालती म्हणजे स्लो जेट लहान पडतोय, एक साइज मोठा टाका. अडीच-तीन फेऱ्या बाहेर काढला तरी अजून बाहेर मागतीय म्हणजे जेट मोठा आहे, लहान करा. आणि स्क्रू कितीही फिरवला तरी आवाजात काहीच फरक पडत नसेल तर स्लो जेट किंवा त्याची वाट बुजलेली आहे नाहीतर कुठून तरी हवा जातीय, परत मागं जा.

मग मूठ झटकन पाव पिळून सोडा. लगेच उचलली आणि सोडल्यावर आवाज सरळ आयडलला आला तर उत्तम. सोडल्यावर आवाज वरच लटकून राहिला आणि हळूहळू उतरला तर लीन. आयडलच्या खाली बुडून, जवळजवळ बंद पडून परत वर आला तर रिच. पिळल्यावर गाडी एकदम गप्प होती आणि मग उचलती तर बहुतेक लीन, भरभर करत धूर सोडत उचलती तर रिच. शंका असेल तर त्याच वेळी चोक वाईच ओढून बघा, चोकनं सुधारली तर पेट्रोल कमी पडत होतं. मिकुनीचा चोक म्हणजे हवा अडवणारी झडप नसून जास्तीचं पेट्रोल देणारी वेगळी वाट असती, म्हणून ही परीक्षा खालच्या मुठीला खरी उतरती, वरच्या मुठीला तिचा भरवसा धरू नका.

कटअवेबद्दल जास्त सांगत नाही. स्लाइडच्या खालचा कापलेला भाग मोठा तर लीन, लहान तर रिच. मूळ स्लाइड असेल तर तिला हात लावायची वेळ सहसा येत नाही, दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवला असेल तरच त्याचा विचार करा.

निडल, जिथं खरा वेळ जातो

गावातून गोकुळ शिरगावला कामाला जाणारा माणूस दिवसभर ज्या मुठीवर गाडी चालवतो ती निडलची मूठ आहे. ॲव्हरेज इथंच ठरतं, इंजिनचं आयुष्यही बरंचसं इथंच ठरतं, म्हणून इथं घाई करू नका. निडलला वर खाचा असतात, बहुतेक पाच, आणि त्यातल्या एकात क्लिप. क्लिप वरच्या खाचेत लावली की निडल खाली बसती, पेट्रोल कमी, लीन. क्लिप खालच्या खाचेत लावली की निडल वर उठती, रिच. हे डोक्यात उलटं बसतं म्हणून कागदावर लिहून घ्या. सुरुवात मधल्या खाचेपासून.

रिकामा सरळ रस्ता घ्या, तिसऱ्या गिअरला अर्ध्या मुठीवर एका वेगानं चालवा आणि कान द्या. बब-बब-बब असा एकाआड एक फायर झाल्यासारखा आवाज येत असेल, मूठ वाढवली की तो साफ होत असेल, तर तिथं रिच. आवाज कोरडा, कडक येत असेल, गाडी एका वेगाला न थांबता पुढंमागं ओढल्यासारखी करत असेल, चढाला टिकटिक ऐकू येत असेल तर लीन, मूठ सोडा आणि क्लिप एक खाच खाली करा. माझी आवडती पद्धत म्हणजे मुद्दाम रिचकडून यायचं, क्लिप खाली लावून बब-बब आवाज आणायचा आणि मग एक खाच वर, तिथं आवाज नुकताच साफ होतो आणि लीनपासून अंतरही राहतं. क्लिप बदलली की मूठ एकदा बंद ते फुल्ल पिळून सोडून बघा, स्लाइड टक् करून खाली येती ना, क्लिप नीट बसली नसेल तर निडल अडकून मूठ उघडीच राहू शकती आणि ते रस्त्यावर कळायला नको.

मेन जेट आणि प्लग वाचणं

हे फुल्ल मुठीचं काम आहे, म्हणून हायवेवर टॉप गिअरला करायचं नाही. इंजिनवर लोड पाहिजे, वेग नको. थोडा चढ असलेला मोकळा रस्ता, सकाळी लवकर, तिसरा गिअर, हेल्मेट डोक्यात. जोतिबाच्या, पन्हाळ्याच्या बाजूला असे चढ भरपूर आहेत, पण वळणावर किंवा वस्तीत नको, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या अंधारात मागच्या दिव्याशिवाय उभ्या असतात म्हणून उजाडल्यावरच.

मोठा मेन जेट टाकलेला आहेच, फुल्ल मुठीला गाडी भरभर करून वरच्या रेव्हला जायला मागत नाही. एक-एक साइज लहान करत या, प्रत्येक जेटला तोच चढ, तोच गिअर. एका जेटवर गाडी अडखळल्याशिवाय शेवटपर्यंत ओढती, तिथं थांबा. अजून एक साइज लहान केली तर कदाचित अजून थोडी जोरात वाटेल, टू-स्ट्रोक लीन झाली की थोडा वेळ लई भारी पळती आणि मग धरती, त्या मोहात पडू नका.

आता प्लग. बऱ्याच दिवसांचा वापरलेला प्लग बघून काही कळत नाही, त्याच्यावर आयडलचा, ट्रॅफिकचा सगळा इतिहास बसलेला असतो. सेट केलेल्या गाडीला नवा प्लग लावा, गाडी आधीच गरम केलेली असू दे, त्या चढाला फुल्ल मूठ धरा, आठ-दहा सेकंद खेचल्यावर मूठ फुल्ल असतानाच क्लच दाबा आणि त्याच क्षणी किल स्विच किंवा चावीनं इंजिन बंद करा. आयडलला येऊ द्यायचं नाही, आलं तर प्लगवरचा रंग आयडलचा होतो. बाजूला घ्या, हातमोजा घालून प्लग काढा. एका खेचण्यात रंग पुरेसा बसला नसेल तर परत एकदा. बघायचं ते टोक नाही, पांढऱ्या पोर्सेलीनच्या अगदी खोल मुळाशी, जिथं ते लोखंडात शिरतं तिथं, एक गोल पट्टा उमटतो. तो बदामी-चॉकलेटी असेल तर बरोबर. काजळीसारखा काळा, ओला असेल तर रिच. पट्टाच नाही, सगळं पांढरंफटक असेल तर लीन. आणि पोर्सेलीनवर मिठाच्या कणासारखे चमकणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, गाडी तिथंच थांबवा, मोठा जेट टाकल्याशिवाय घरीसुद्धा फुल्ल मुठीवर जायचं नाही. आजच्या पेट्रोलवर रंग जुन्या काळापेक्षा फिकट येतो, म्हणून नुसत्या प्लगवर विसंबू नका, प्लगच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टनचा माथा बघा. मध्ये काळपट-तपकिरी कार्बन आणि ट्रान्सफर पोर्टच्या, म्हणजे मिक्श्चर सिलिंडरमध्ये येतं त्या खिडक्यांच्या, बाजूला धुतल्यासारख्या स्वच्छ जागा असतात, त्या जागा जवळजवळ नाहीशा झाल्या असतील तर लीन, अर्धा माथा धुतलेला असेल तर रिच.

सायलेन्सर बदलला असेल, चेंबर म्हणजे फुगीर पोटाचा रेसिंग सायलेन्सर लावला असेल, फिल्टर बदलला असेल, तर मेन जेट नव्यानंच शोधावा लागतो, दुसऱ्याच्या गाडीला जो नंबर बसला तो तुमच्या गाडीला बसेल असं नाही. आणि आरडी थ्री फिफ्टीवाल्यांना दोन कार्बोरेटर आहेत, ह्या सगळ्याच्या आधी दोन्ही स्लाइड मुठीबरोबर एकदमच उचलतात का ते बोट घालून, आरशात बघून जुळवा, एक आधी उचलत असेल तर बाकी सगळं सेटिंग खोटं.

ई-२० पेट्रोल, थंडी आणि कोकण

आपल्याच उसाचं इथेनॉल आता आपल्याच टाकीत येतंय, कारखाने आपलेच आहेत, पण ह्या गाड्या ज्या काळात बनल्या तेव्हा ह्या पेट्रोलचा विचारच नव्हता. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागती, इथेनॉलला ९ किलोच. म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो, आणि जेट तेच ठेवले तर गाडी सगळीकडेच थोडी लीन होती. जुन्या पेट्रोलवर काठावर सेट केलेली गाडी म्हणूनच आता मूठ सोडल्यावर लटकती, गरम होती. स्लो आणि मेन जेट एक-एक साइज मोठा आणि क्लिप एक खाच खाली, इथून सुरुवात करून वरचं सगळं परत करा. इथेनॉल पाणी ओढतं, वाटीतली पांढरी पूड आणि पाण्याचे थेंब बरेचसे त्यामुळंच, जुने रबराचे ओ-रिंग, नळ्या फुगतात, कडक होतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा. आणि तुमचं टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये नीट मिसळतं का ते काचेच्या बाटलीत मिसळून रात्रभर ठेवून बघा, सकाळी वेगळं बसलेलं दिसलं तर ते ऑइल बदला.

हवामानाचा हिशोब असा की थंड हवा जड असती. मे महिन्यात दुपारी ३८ डिग्रीला सेट केलेली गाडी डिसेंबरच्या पहाटे १४ डिग्रीला काढली तर तेवढ्याच जागेत हवा आठ टक्क्यांच्या वर जास्त मावती, पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही, गाडी लीन. म्हणून सेटिंग शक्यतो हिवाळ्यात सकाळी करा, उन्हाळ्यात ती थोडी रिच होईल तेवढंच. उंचीचंही तसंच, दर ३०० मीटर वर गेलं की हवा साधारण ३ टक्के विरळ होती आणि गाडी रिचकडे जाती, खाली उतरलं की लीनकडे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, पन्हाळ्यावर गाडी थोडी जड वाटली तर घाबरायचं कारण नाही. कोकणात उतरताना मात्र बघा, तिथं हवा जड. मालवण-रत्नागिरीला फुल्ल मुठीनं पळवायची असेल तर एक साइज मोठा मेन जेट आणि एक प्लग पाना खिशात असू द्या.

आणि गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरताना, तसंच आंब्याला, मूठ पूर्ण बंद करून इंजिन ब्रेकवर लांबपर्यंत गाडी सोडू नका. चाकं इंजिनला जोरात फिरवत असतात आणि मूठ बंद असल्यानं पेट्रोल नाही, पेट्रोलमधून येणारं ऑइलही नाही. येझदी-राजदूतला हे जास्तच लागू आहे, पंपाच्या गाडीलाही मूठ बंद असताना ऑइल कमीच मिळतं. थोड्या थोड्या वेळानं क्लच दाबून एकदा रेस द्यायची, परत क्लच सोडायचा, ब्रेक जास्त वापरायचे, आणि खाली वैभववाडीत पोचल्यावर दहा मिनिटं गाडी थांबवून प्लग एकदा काढून बघायचा.